तारप्याला पाठ

"सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाय, म्हणून इतके दिवस गप्प होतो," कृष्णकांतकाका म्हणाला आणि क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर ओली करू लागला.

वामनला चहाचा ठसका लागला. काकाला काय काय जमू शकतं याची पाम गावापासून पालघरपर्यंत सगळ्यांना कल्पना होती. गप्प बसणं त्यात नव्हतं.

काकाच्या वाडीत, चिकूच्या सावलीत, ऑर्केस्ट्रा तालमीला बसला होता. म्हणजे नुसता बसला होता. वामनच्या ढोलावर कपबशी होती आणि पास्कू मास्तरांचं पितळी कॉर्नेट पेटीतून बाहेरच आलं नव्हतं. पलीकडे जिवल्या आणि त्याची बायको नवसी उतरवलेले चिकू निवडत होती, मोठे या टोपलीत, बारके त्या. डोंगरातलं भात घरात आलं की ही दोघं कामाला खाली यायची. दिवसा वाडीत असायची, आणि कुठे मांडव घातला की जिवल्या संध्याकाळी मांडववाल्याच्या खुर्च्या वाहायचा.

पास्कू मास्तर मूळचे वसईचे. त्यांचे वडील तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ वाजवायचे, अगदी सुरुवातीच्या काळातला. वडील गेले, तबकड्या उरल्या. त्या झिजेपर्यंत ऐकून मास्तरांनी तेच संगीत पुन्हा उभं करायचं ठरवलं, आणि तेही वरातीत वाजवणाऱ्या आमच्या गावच्या गड्यांना घेऊन. सगळ्यांनी एकदम आपापलं बोलायचं, पण भांडण होता कामा नये, अशी त्यांची शिकवण. वामन म्हणायचा, हे माझ्या घरी अजून जमलेलं नाही, इथे कसं जमणार? पण जमलं. फक्त ऐकायला कोणी नव्हतं. लोकांना गिटार हवी होती, ट्विस्ट हवा होता.

मग तारापूरला अणुवीज केंद्र बांधायला आलेल्या अमेरिकन साहेबांच्या वसाहतीतून नाताळच्या आधी बोलावणं आलं. जिथे हे संगीत जन्मलं तिथलीच ही माणसं, मास्तर म्हणाले. इथेही कोणाचे पाय हलले नाहीत तर ऑर्केस्ट्रा बंद.

पाय हलले नाहीत. तरुण साहेब हाताची घडी घालून बसले होते आणि मडमा एकमेकींचे झगे बघत होत्या. तिसऱ्या गाण्यात मांडववाल्याचं जनरेटर खोकलं आणि बसलं. वीज तयार करायला आलेली सगळी मंडळी मिट्ट काळोखात. ऑर्केस्ट्रा थांबला. मास्तरांनी कॉर्नेट खाली ठेवलं ते कायमचं, असं त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

आणि काळोखात वारल्यांचा भोपळ्याचा तारपा वाजू लागला.

मांडवाच्या कडेला कामावरची वारली माणसं बघत उभी होती. त्यांच्या पायांना काही सांगावं लागलं नाही. कमरेत हात गुंफून साखळी निघाली, वाटेत जो सापडेल त्याला घेत गेली. मडम, साहेब, मांडववाल्याचा मुनीमसुद्धा. मग काकाच्या क्लॅरिनेटने तारप्याचा सूर पकडला, त्यामागे कॉर्नेट, त्यामागे वामन, आणि वळणावर सगळे अलगद मास्तरांच्या वडिलांच्या गाण्यात शिरले. तारपाही त्यांच्याबरोबर आला. सगळे एकदम आपापलं बोलत होते आणि भांडण नव्हतं. दिवे आले तेव्हा सबंध मांडव नाचत होता. तारपा मात्र कुठेच नव्हता.

हे सगळं खरं होतं. पुढचा घोटाळा असा, की वसाहतीने येत्या शनिवारी पुन्हा बोलावलं होतं, पण त्या अंधारातल्या वाद्यासकट. मास्तरांनी आठवडाभर पाडे पालथे घातले होते. मांडववाल्याच्या माणसांना विचारलं, काकाच्या वाडीतल्यांनाही विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. आमी नाय. साहेबाच्या कार्यक्रमात कोणी तोंड घातलं याची चौकशी चालली आहे, एवढंच डोंगरापर्यंत पोचलं होतं, आणि चौकशीचा शेवट काय होतो हे डोंगराला माहीत होतं.

"ज्याने माझी लाज राखली त्याचे आभार मानल्याशिवाय मी पेटी उघडणार नाही," मास्तर म्हणाले होते. वसाहतीचा माणूस संध्याकाळी उत्तर न्यायला येणार होता, आणि पेटी बंदच होती.

"तर ऐका," काका म्हणाला. "तो तारपा मी वाजवला."

वामनने कप खाली ठेवला.

काकाने मग जे सांगितलं ते असं. काळोख पडताच त्याचा हात एका तारप्यावर पडला. त्याने तो उचलला आणि फुंकला. पहिल्या सुरालाच तारापूरच्या खाडीतले बोय मासे शेपटीवर उभे राहिले. एका मडमेच्या अंबाड्यातले आकडे आपोआप निसटले, मग दुसरीच्या, मग चौथीच्या.

"काल सांगताना दोनच मडमा होत्या," वामन म्हणाला.

"काल मला नीट आठवत नव्हतं."

नवसी पदर तोंडाला लावून हसत होती. जिवल्या हसला नाही. त्याने एक मोठा चिकू बारक्यांच्या टोपलीत टाकला. मास्तर उदास तोंडाने ऐकत होते. काकाच्या गोष्टीला मध्येच अडवण्यात अर्थ नसतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. काका मास्तरांकडे बघतही नव्हता. त्याची नजर टोपल्यांवर होती.

"तारप्यात विशेष काय ते नाय," तो पुढे म्हणाला. "एकदा फुंकायचं, थांबायचं, दम खायचा, पुन्हा फुंकायचं. घोटभर पाणी प्यायलं तरी चालतं."

जिवल्याचा हात टोपलीवर थांबला. तारप्याचा श्वास तुटत नाही. गालात हवा धरून नाकाने दम घ्यायचा आणि सूर चालूच ठेवायचा, हे त्याच्या पाड्यावर चालायला लागलेलं पोरही सांगेल. नवसीने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं. तिने हळूच त्याच्या कोपराला हात लावला.

जिवल्याने मान खाली घातली आणि पुन्हा चिकू उचलला.

काकाने पत्ती क्लॅरिनेटला बसवली, पुन्हा काढली, उन्हात धरून पाहिली.

"आणि नाच तर काय झाला म्हणून सांगू," तो सावकाश म्हणाला. "मी आपला कोपऱ्यात खुर्चीवर. गडी, बाया, साहेब सगळे माझ्याकडे पाठ करून फिरत होते."

चिकू टोपलीत पडायचा आवाज बंद झाला.

"काका, तुमी खोटं बोलता."

जिवल्या उभा राहिला होता. नवसीने त्याचं कोपर धरलं होतं ते तसंच तिच्या हातात राहिलं.

"तारप्याला कोण पाठ दाखवत नाय," तो म्हणाला. "तारपा मधी असतो. तो वळंल तशी माणसं वळतात, त्याच्याकडं बघत. पाठ केली की नाच मोडला. त्या दिशी कोणी पाठ केली नाय, साहेबानं पण नाय. अन् तुमी कुठं वाजवत होता? तुमी आधी माझा दंड धरून उभे होता. रडत होता. मी वाजवत होतो."

आपण काय बोलून बसलो ते जिवल्याच्या तोंडावर हळूहळू उमटू लागलं.

पास्कू मास्तर उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, सगळ्यांच्या मधोमध नेऊन ठेवली आणि रुमालाने पुसली. मग जिवल्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले. नंतर त्यांनी खुर्चीकडे बोट केलं.

नवसीने एकदा मास्तरांकडे, एकदा खुर्चीकडे पाहिलं.

"तारपा बसून नाय वाजवत," ती म्हणाली.

मास्तरांनी घाईने खुर्ची बाजूला घेतली. मग वामन उठला, मग बाकीचे, आणि एकेकाने आपापली खुर्ची त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून वळवली. मास्तरांनी पेटीची कडी काढली.

काका तेवढा गप्प होता.