दाट हवेचा कोपरा

मुथामाने ट्रकमागून गाडीचं नाक बाहेर काढलं आणि पाय दाबला. शेजारी बसलेल्या स्योम्बुआचा पायही आपसूक खाली गेला, जणू तिच्या बाजूलाही ब्रेक होता. गाडी पुढे झेपावली आणि तोच आवाज पुन्हा आला. इंजिनाच्या पोटातून, पत्र्याच्या झाकणावर कुणी घेवड्याचे दाणे टाकावेत तसा. चार-पाच दाणे. मग ट्रक मागे पडला, मुथामाचा पाय सैल झाला आणि आवाज थांबला.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. एमाली गाव सोडल्यापासून तिने चेहरा असाच आवरून धरला होता.

"बघितलंस?" मुथामा म्हणाला. "आधी ह्या गाडीला असला ट्रक मागे टाकायचा म्हणजे निम्मा दिवस जायचा."

"हं."

मागच्या सीटवर सासूबाई नाचणीच्या पिठाची पिशवी पायांत धरून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर दीड वर्षाची कतुंगे तोंड उघडं टाकून झोपली होती. मोंबासाला मुथामाची बहीण बाळंत झाली होती, तिच्याकडे सगळे निघाले होते.

"विमानानंच न्यायचं होतंस की," सासूबाई म्हणाल्या. "निदान त्याला समोरून बस येत नाही."

"आई, तुझ्या सुनेनं विमानच केलंय हिचं."

स्योम्बुआ हसली. हसणं तिला स्वतःलाच खोटं वाटलं.

नैरोबीच्या गॅरेजात ती इंजिनाच्या कॉम्प्युटरचं काम करायची. ठिणगी कधी पडावी, पेट्रोल किती जावं, याचे आकडे लॅपटॉपवरून बदलणं हा तिचा धंदा. पोरं यायची, हवेचा नवा फिल्टर नि जाड सायलेन्सर बसवून, आणि म्हणायची, आता कॉम्प्युटरही करून द्या. ती त्यांना सरळ परत पाठवायची. एवढ्याशा बदलाला आकडे हलवून हाती काही लागत नाही, घरी जा, टायर चांगले घ्या. मालकाला हे आवडत नसे, पण पोरं तिच्यावर विश्वास ठेवत ते यामुळेच.

नवऱ्याने नेमके तेच दोन बदल केले, तेव्हा मात्र नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. गाडी धुवायला जमणारे त्याचे मित्र त्याला छेडत होते. बायको एवढी मोठी मिस्त्री आणि गाडी कारखान्यातून आली तशीच? दोन महिने तो काही न बोलता तिच्याकडे बघत राहिला. शेवटी एका रविवारी तिने गाडी गॅरेजातल्या ताकद मोजायच्या रोलरवर चढवली. प्रामाणिकपणे केलं तर फरक जाणवेल इतका निघेना, म्हणून तिने ठिणगी थोडी लवकर केली. मग आणखी थोडी. नव्या सायलेन्सरच्या गोंगाटाने इंजिनातले ठोके ऐकून इशारा देणारा सेन्सर सारखा दचकत होता, तोही तिने जरा बधिर केला. आठ हॉर्सपॉवर वाढली. तो आकडा छापलेला कागद मुथामाने घडी करून पाकिटात ठेवला.

कॉम्प्युटरमधल्या ठिणगीच्या आकड्यांच्या तक्त्याला दाट हवेसाठीचा एक कोपरा असतो. नैरोबी उंचावर, हवा विरळ. तिथे कितीही दाबा, इंजिन त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. तपासून बघता येत नाही, म्हणून शहरातले सगळे मिस्त्री तो अंदाजाने भरतात, वरची ओळ तशीच खाली ओढून. समुद्राकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ती न चुकता सांगायची, उतरायच्या आधी माझ्याकडे या, तो कोपरा मी मवाळ करून देते. रस्ता उतरतो तशी हवा दाट होते आणि इंजिन थेट त्या न तपासलेल्या कोपऱ्यात शिरतं. तिथे ठिणगी लवकर पडली तर पेट्रोल पिस्टनवर हातोड्यासारखं फुटतं. पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

स्वतःच्या घरच्या गाडीसाठी हे तिला आठवलं ते एमालीला, पहिला दाणा वाजला तेव्हा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मागे सासूबाई होत्या, पाकिटात तो कागद होता, आणि मुथामा सकाळपासून शीळ घालत होता. तो हळू चालवेल, असं तिने स्वतःला समजावलं. उलट प्रत्येक ट्रकला तो आधीपेक्षा जास्त दाबत होता. किब्वेझीला सात-आठ दाणे वाजले. म्तितो अंदेई मागे पडलं तेव्हा मूठभर. सासूबाईंनी पोरीला नीट धरलंय का ते तिने तीनदा मागे वळून पाहिलं.

पुढे दोन कंटेनर एकामागे एक रांगत होते. मुथामाने अंदाज घेतला आणि गाडी बाहेर काढली. पहिला कंटेनर मागे गेला. दुसऱ्याच्या चाकांशी आले आणि दाणे सलग वाजू लागले, मग गाडी एक श्वास अडखळली. पाय तळाला होता आणि जोर नव्हता. समोरच्या चढावरून बस वर आली, दिवे उघडझाप करत. स्योम्बुआला ड्रायव्हरच्या टोपीचा रंग दिसला. हिरवा. तिने मागे हात टाकून पोरीचा पाय घट्ट धरला.

कंटेनरवाल्याने ब्रेक मारला. मुथामाने त्याच्यापुढे गाडी घुसवली. बस हॉर्न वाजवत गेली आणि तिच्या वाऱ्याने गाडी हलली.

कतुंगे जागी होऊन रडायला लागली.

"बाजूला घे," स्योम्बुआ म्हणाली.

"पुढे पंप आहे, तिथं..."

"आत्ता घे, मुथामा."

कोळशाची पोती विकायला ठेवलेल्या एका बाभळीखाली त्याने गाडी थांबवली. तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. वायर स्टिअरिंगखाली जोडताना ती दोनदा निसटली. कारखान्याची मूळ फाइल तिने जपून ठेवली होती. ती परत घालायला सहा मिनिटं लागतात, मध्येच तुटलं तर गाडी जागची हलत नाही. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ट्रक गेला की जमीन थरथरायची, आणि ती वायर दोन्ही हातांनी धरून बसायची.

पट्टी भरली तेव्हा ती बाहेर आली. मुथामा बॉनेटला टेकून उभा होता.

"मी चुकले," ती म्हणाली. "मुळात असल्या गाडीला आकडे हलवून काही मिळत नाही. तुला फरक वाटावा म्हणून मी ओढून-ताणून केलं. आणि इथल्या हवेसाठी तपासलेलंच नव्हतं. तो आवाज... इंजिन फुटायला आलं होतं."

सासूबाईच बोलल्या, मागच्या उघड्या दारातून, नातीला थोपटत.

"एमालीपासून वाजतंय ते. मी विचारणार होते तुला, तर ह्यानं मला आरशातून डोळे दाखवले. निघतानाच म्हणाला होता, तिच्या कामात खोट काढू नकोस."

स्योम्बुआने नवऱ्याकडे पाहिलं. "तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं की." त्याने खाली बघतच मान हलवली. "मला त्यातलं काय कळतं? वाजलं की तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू शांत. म्हटलं, हिनंच केलंय, आवाज असाच असणार. मग अजून दाबायचो."

रस्त्यावरून आणखी एक कंटेनर गेला. कोळशाची काळी धूळ उडून दोघांच्या अंगावर बसली.

तिला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण दात वाजायला लागले. भर दुपारच्या त्या उन्हात तिचे खांदे, हात, गुडघे, सगळंच कापायला लागलं, आणि ह्या वेळी तिने काहीही आवरलं नाही. मुथामा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने वळून रस्त्याकडे पाहिलं, जिथून बस गेली होती तिकडे, आणि आईच्या मांडीवरून पोरीला उचलून छातीशी धरलं. त्याचे हात आता कुठे कापायला लागले होते.