गिबोनच्या भाकऱ्या

झाशीच्या लक्ष्मी गेटजवळच्या गल्लीत कांताबाईंच्या वरच्या खोलीत मृदुला भाड्याने राहत होती. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहायची. कादंबरी बायबलमधल्या गिबोनच्या लोकांची होती. इस्राएली सेनापती यहोशवाचं सैन्य चालून आलं तेव्हा ते फाटक्या वहाणा घालून, बुरसलेल्या भाकऱ्या घेऊन त्याच्यासमोर गेले, फार दुरून आलो म्हणाले आणि अभयाचं वचन घेतलं. प्रत्यक्षात राहत होते शेजारीच.

तिला एक शंका होती. रखरखीत वाटेवर भाकरी वाळते, बुरशीला ओल लागते. म्हणून तिने खिडकीत भाकऱ्या मांडल्या, काही उघड्या, काही ओल्या फडक्यात. ओळखायला फडक्यांना रंगीत दोरे बांधले.

ते दोरे कांताबाईंनी पाहिले. त्यांची सून शमिका पोटुशी होती आणि तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं.

"मृदुलाजी, कुणावर टोटका, करणी करताय? खोली खाली करा."

मृदुलाने प्रयोग समजावून सांगितला. बाई बुरशीकडेच बघत राहिल्या. या गल्लीत एकट्या बाईला दुसरी खोली कोण देणार होतं? मग तिला सुचलं. हे मराठी घराणं कित्येक पिढ्या झाशीतलं. महाराष्ट्रातल्या रीतीबद्दल इथे कोणी उलट विचारत नसे. ती म्हणाली, आमच्या साताऱ्याकडे गर्भारणीसाठी हे व्रत करतात, आणि करणारीला मध्येच घर बदलता येत नाही.

बाई ओशाळल्या. ही रीत आपल्या घरातून कधी सुटली, हेच त्या आठवत राहिल्या. मग देवघरातल्या टाकांवर हात ठेवून त्यांनी शब्द दिला की शमिका बाळंत होईपर्यंत खोली मृदुलाचीच.

पण चैन पडेना. देव कोणता, नैवेद्य कसला, रोज नवा प्रश्न निघे. वार सोमवार सांगितला होता की शुक्रवार, हे मृदुलालाच आठवेना. अखेर बाईंनी साताऱ्याच्या चुलतबहिणीला, रजनीला, फोन लावला. तिचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू आलं.

बाई वर आल्या. आवाज चढला नव्हता.

"देवावर हात ठेवलाय, नाहीतर आज तुझं सामान गल्लीत असतं. राहा. पण सून मोकळी होईपर्यंत घरचं पाणी तू भरायचं."

मृदुलाला आपली कादंबरी आठवली. लबाडी कळल्यावर यहोशवानेही वचन मोडलं नव्हतं. गिबोनच्या लोकांना फक्त लाकडं तोडायला आणि पाणी भरायला लावलं होतं.

पहाटे नळ आला. कांताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. प्रत्येक बादलीत वाकून बघत, वास घेत, आणि मगच माठात ओतू देत.