तांबडा घोडेस्वार

“नूरू, तुझी पाळी,” असं म्हणून हरिश्चंद्र मास्तरांनी सोंगटीवरचं बोट उचललं आणि नुरुद्दीनचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. मास्तरांनी हलवलेला घोडेस्वार तांबडा होता. तांबडं सैन्य नुरुद्दीनचं. मास्तरांचं निळं.

“झोपलंस काय रे? ह्या काय लाँचीचा इंजिन न्हय, लाथ घातली की सुरू होवक.”

नुरुद्दीन पटाकडे बघत राहिला. कट्टा गावातल्या मास्तरांच्या घराच्या या ओटीवर दोघं चव्वेचाळीस वर्षं लढाया खेळत होते. पहिला खेळ, हाच, नुरुद्दीनच्या मामाने जहाजावरच्या नोकरीतून येताना आणला होता. मोठा नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी घरं, दोन फौजा आणि नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. नुरुद्दीन नववी नापास, मालवणात लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारा. मास्तरांनी मे महिन्याची अख्खी सुट्टी घालून ते पुस्तक शाळेच्या वहीत मराठीत उतरवलं आणि पोरांना पाढे शिकवावेत तसं, न चिडता, त्याला शिकवलं. पुढे अशा खेळांनी कपाट भरलं. दमट हवेने पुठ्ठ्याच्या सोंगट्या फुगल्या, तेव्हा दोघांनी सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून लाकडी करून आणल्या.

वहीतला पहिला नियम मास्तरांनी लाल शाईने अधोरेखित केला होता: दुसऱ्याच्या सैन्याला हात लावायचा नाही.

या नकाशावर नुरुद्दीन मास्तरांना कधीच हरवू शकला नव्हता. यंदा सहा रविवार खपून त्याने नदीवरचा पूल वेढत आणला होता. आणखी दोन चाली, की संपलं. आणि उद्या सकाळी मास्तरांची मुलगी शर्मिला त्यांना पुण्याला नेणार होती, कायमची.

‘हरी, तो माझो’ एवढंच म्हणायचं होतं. पण मागच्या आठवड्यात मास्तर घरच्याच विहिरीची वाट चुकले, ते कुणी तरी बोलून दाखवलं, आणि त्यानंतर दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

नुरुद्दीनने कप खाली ठेवला, हात लांब केला आणि एक निळी सोंगटी पुढे सरकवली.

“घे. खेळ आता.”

मास्तर खेळले. नुरुद्दीनने मनात योजलेल्या त्याच दोन चाली त्यांनी केल्या, जराही न चाचपडता.

“पूल गेलो तुझो! चव्वेचाळीस वर्सां शिकवतंय, पूल राखूक काय शिकलंस नाय.”

“मास्तर बरो मिळाक नाय, त्येका मी काय करू?”

दोघंही खोकला येईपर्यंत हसले. हसणं ऐकून शर्मिला दारात आली. बाबांचं सैन्य निळं, हे ती परकरात असल्यापासून बघत आली होती. आता सगळं तांबडं बाबांच्या हाताशी होतं. तिने नुरुद्दीनकडे पाहिलं. त्याने हलकेच मान हलवली.

“कोण जिंकलं, चाचा?” तिने विचारलं.

“तुझो बापूस. नेहमीसारखो.”

सकाळी मास्तर गाडीत बसले. पट्टा लावताना शर्मिला म्हणाली, “बाबा, मुठीत काय आहे?” मूठ उघडेना. बोटांच्या फटीतून तांबडा रंग दिसत होता.

“ऱ्हवांदे गो,” नुरुद्दीन म्हणाला.

मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “आयतवारी येतंय. मांडून ठेव.”

“ठेवतंय.”

गाडी वळणाआड गेली. नुरुद्दीन खोका काखेत मारून मालवणला आपल्या घरी आला. खिडकीपाशी टेबल ओढून त्याने पट उलगडला आणि फिरवून ठेवला. निळं सैन्य आपल्याकडे, तांबडं समोरच्या खुर्चीकडे. एकेक सोंगटी पुसून तो घरात ठेवत गेला. घोडेस्वाराचं घर तेवढं त्याने मोकळं ठेवलं.