दिंकाने बांधलेली डहाळी

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून ते दोघं झाग्रेबहून आमच्या बेटावर, वेला लुकाला आले होते. माझ्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने हळूहळू हिंडायचं आणि मन लागेल तिथे थांबायचं, असा त्यांचा बेत होता. 'हळूहळू' हा शब्द नवऱ्याने धक्क्यावर इतक्या वेळा म्हटला की मला वाटलं, माझी होडी विमानासारखी पळते असं त्याला कुणी सांगितलं असावं. म्हाताऱ्या गाढवाच्या चालीने जाते ती. तिला दुसरं काही येतच नाही.

नवरा झ्देन्को, दातांचा डॉक्टर. बायको व्लास्ता, शाळेत शिकवायची. दोघंही मला बार्बा म्हणत. आमच्याकडे म्हाताऱ्या खलाशाला बार्बाच म्हणतात, पण शहरातली माणसं तो शब्द जिभेवर घोळवून म्हणतात, दुसऱ्याच्या घरचा पदार्थ चाखावा तसा.

हे गिऱ्हाईक माझ्या मुलाने धाडलं होतं. तो स्प्लिटला असतो. आई गेल्यापासून बाबा घरात भिंतीकडे बघत बसतात, त्यापेक्षा समुद्रावर तरी जातील, असं त्याला वाटलं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर तो रोज फोन करत बसला असता.

बॅगा चढवताना मी त्यांना एकच गोष्ट सांगितली. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवरच्या कडीला ऑलिव्हची वाळकी डहाळी निळ्या लोकरीने बांधलेली होती. तिला हात लावू नका, म्हटलं. व्लास्ताने मान डोलावली. झ्देन्कोनेही डोलावली, पण त्याचा डोळा फोनवर होता.

ती डहाळी माझ्या बायकोने, दिंकाने बांधली होती. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वादाच्या डहाळ्या आणायच्या, एक घरात लावायची, एक मळ्यात, एक होडीवर, ही आमची रीत. पुढच्या वर्षी नवी आली की जुनी चुलीत घालायची. गेल्या वर्षी दिंकाला धड उभं राहवत नव्हतं, तरी ती धक्क्यापर्यंत आली आणि नाळेवर बसून गाठ मारून गेली. उन्हाळ्यात ती वारली. यंदा तिची मारे नावाची बहीण नवी डहाळी घेऊन आली. जुनी ठेवणं होडीला बरं नाही, म्हणाली. मी म्हटलं, ही तुझ्या शेळीच्या गळ्यात बांध. तेव्हापासून मारे माझ्याशी बोलत नाही. पाद्रीही दोनदा सांगून गेला. मी काही ती डहाळी सोडली नाही. दिंकाच्या हातची तेवढी एकच गाठ उरली होती. बाकीचं घर मारेने आवरून टाकलं होतं.

तर आम्ही निघालो. पहिला मुक्काम श्चेद्रो बेटाच्या खाडीत. पाणी आरशासारखं होतं. झ्देन्को फोन डोक्यावर धरून नाळेवर उभा राहिला, रेंज शोधत. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पुतळाच बसवलाय. व्लास्ता मागच्या बाजूला टोपी तोंडावर घेऊन पडली होती. एवढीशी होडी, पण तिला नवऱ्याला काही सांगायचं असलं की ती मला सांगे.

"बार्बा, ह्यांना विचारा, क्रीम कुठे कोंबलंय."

मी विचारायचो. तो म्हणायचा, तिच्याच बॅगेत असेल, तिला सांगा नीट बघायला. मी सांगायचो. दोघांच्या मध्ये सुकाणू होतं आणि सुकाणूवर मी. टपालाचं काम आयुष्यात पहिल्यांदा केलं.

दुसऱ्या दिवशी ह्वार बेटाच्या बाजूला एका गावात थांबलो. तिथल्या खानावळीवाल्याने पिंजऱ्यात पोसलेला मासा आजच पकडलाय म्हणून पुढे ठेवला आणि झ्देन्कोने डोळे मिटून समुद्राची चव घेतली. मग त्याने फोन माझ्या हातात दिला आणि बायकोच्या खांद्यावर हात टाकला. ती हसली. मी फोटो काढला. फोटो निघताच खांद्यावरचा हातही निघाला. तो फोटो त्याने किती जणांना धाडला कोण जाणे, जेवण होईस्तोवर उत्तरं येत होती. तीस वर्षं अजून तशीच प्रेमात आहेत, असं कुणीतरी लिहिलं होतं. त्याने ते मला वाचून दाखवलं. बायकोला नाही.

मी आणि दिंकाही समुद्रावर गोड बोलायचो अशातला भाग नाही. ती नाळेवर बसायची आणि खडक दिसला की मला शिव्या घालायची, मी सुकाणू वळवायचो. डावीकडे घे आंधळ्या, म्हणायची. आता कुणी काही म्हणत नाही. खडक माझे मलाच बघावे लागतात.

तिसऱ्या दिवशी व्हिस बेटाकडे जाताना सकाळी माझ्या गळाला झुबाताच नावाचा मोठा मासा लागला. झुबाताच म्हणजे दातवाला. झ्देन्कोला याचं इतकं हसू आलं की त्याने माशाचा जबडा उघडून आधी फोटो काढला, मग कोणता दात किडलाय ते मला सांगितलं. दुपारी व्हिसच्या एका निर्जन खाडीत नांगर टाकला. मासा आज आपणच भाजणार, बार्बांनी आराम करावा, असं त्याने जाहीर केलं. होडीच्या मागे कठड्याला लोखंडी शेगडी अडकवलेली असते, तिच्यात मी कोळसे पेटवून दिले आणि लहान डोणीतून किनाऱ्यावर गेलो. होडी फिरू नये म्हणून मागची दोरी पाइनच्या बुंध्याला बांधायची होती.

दोरी बांधून तिथेच सावलीत जरा बसलो. तेवढ्यात वास आला. ऑलिव्हचं सुकं लाकूड जळतं तेव्हा येतो तो. आमच्या घरी वर्षातून एकदा, चुलीपाशी यायचा.

मी परत वल्हवत गेलो. नाळेकडे बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. कडी रिकामी होती.

झ्देन्को हातात चिमटा घेऊन उभा होता, कपाळावर घाम, चेहरा खूश. म्हणाला, एका मोठ्या हॉटेलात त्याने बघितलं होतं, आचारी शेवटी ऑलिव्हची डहाळी टाकतो, धुराने चव येते.

"अगदी सुकी होती, बार्बा. भुर्रकन पेटली."

"आणि लोकर?"

"तो निळा दोरा? सुटेना, म्हणून सुरीने कापला."

मागे टोपी हलली. व्लास्ता उठून बसली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं हात लावू नका म्हणून. पहिल्याच दिवशी."

"मग मला आत्ता बोलायचं ना. बघत तर होतीस."

"तुला काही सांगायला गेलं की तू म्हणतोस, मला शिकवू नकोस. म्हटलं, नाही शिकवत."

म्हणजे तिने बघितलं होतं. त्याने गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटली नाही म्हणून सुरीने कापली, हे सगळं तिने टोपीखालून बघितलं आणि नवरा तोंडघशी पडावा म्हणून गप्प बसली. तीस वर्षांत दोघांनी एवढंच कमावलं होतं आणि ते आणून माझ्या होडीत खर्च केलं.

झ्देन्को म्हणाला, इथे पावलोपावली ऑलिव्हची झाडं आहेत, मी तुम्हाला हवी तेवढी फांदी तोडून देतो. चांगल्या मनानेच म्हणाला. तेच जास्त वाईट होतं.

ती डहाळी जाळायचीच असते. पाद्रीने ऐकलं असतं तर म्हणाला असता, बरं झालं येर्को, झालं एकदाचं. पण ती माझ्या चुलीत जायची होती, माझ्या हाताने, मला वाटेल त्या वर्षी. आता शेगडीत होती आणि तिच्यावर मासा होता. दिंकाची तेवढीच आग होती. तिच्यावर शिजलेलं या दोघांच्या पोटात जाऊ द्यायचं नव्हतं.

मी झ्देन्कोच्या हातून चिमटा काढून घेतला, मासा ताटात ओढला आणि नाळेकडे चाललो.

"बार्बा, अहो, आम्ही काय खायचं?"

"फळीखाली तारलीचे डबे आहेत. उघडा."

व्लास्ता म्हणाली, हे फार होतंय. झ्देन्को म्हणाला, मी तुमच्या मुलाला कळवणार आहे. ती म्हणाली, कळवच, आणि फोटोसकट कळव. तो म्हणाला, म्हातारा भ्रमिष्ट आहे. ती म्हणाली, मला पहिल्या दिवशीच शंका आली होती. मग तिने डबा उघडला आणि त्याने पाव कापून दिला. तीन दिवसांत पहिल्यांदाच ते एकमेकांशी न भांडता, सरळ बोलत होते. मधे टपालवाला लागला नाही.

मी त्यांच्याकडे पाठ करून रिकाम्या कडीशी बसलो. मासा तिघांना पुरून उरला असता. बाहेरून करपला होता, मीठ नव्हतंच, आणि काट्याजवळ कच्चा होता. दिंकाने असला मासा मांजरापुढेही ठेवला नसता. मी तो डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा खाल्ला.