समाधानपाशी कोण होतं?

त्या सकाळी मार्केट यार्डातल्या पाळणाघराच्या भिंती पुसल्या गेल्या, पोरांची नाकं पुसली गेली आणि कांद्याच्या गाळ्यावर काम करणाऱ्या हिराला बोलावणं आलं. वर्षातून एकदा हे ठरलेलंच. अनुदान देणाऱ्या ट्रस्टचा माणूस तपासणीला आला, की हिराने समोर बसून आपला तान्हा समाधान टेम्पोखाली कसा गेला ते सांगायचं. तो गेल्यावरच हे पाळणाघर सुरू झालं होतं. चार वर्षांत चार साहेब आले. आधीच्याने लिहून नेलेलं पुढच्याने कधी वाचलं नाही. जिवंत असलेल्या चाळीस पोरांकडे बघायला कुणाला सवड नव्हती, गेलेलं एक मात्र सगळ्यांना हवं होतं.

यंदाचे सौरभसाहेब तरुण, गोडबोले. "मावशी, मुलगीपण फ्रेममध्ये बसू दे ना. इमोशनल कनेक्ट येतो."

"तिची शाळा हाय, साहेब."

"दहाच मिनिटं!"

पाळणाघर चालवणाऱ्या द्वारकाताईंनी नजरेनेच विनवलं. नऊ वर्षांची मैत्री आईला खेटून बसली.

हिराने पाठ झालेलं सांगितलं. टेम्पो मागं आला, ड्रायव्हरला दिसलं नाही.

"पण त्या वेळी बाळापाशी कोण होतं?" फॉर्मात यंदा हा नवा रकाना होता.

समाधानपाशी होती तेव्हा पाच वर्षांची असलेली मैत्री. कडेवर पेलवेना म्हणून तिने त्याला खाली ठेवलं होतं. पोरीला त्यातलं काही आठवत नव्हतं आणि हिरा ते मरेपर्यंत सांगणार नव्हती.

"आई, कोण होतं गं?" मैत्रीनेही विचारलं.

"मीच व्हते," हिरा म्हणाली. "माझंच ध्यान नव्हतं."

सौरभने भराभर टाइप केलं. "थँक्यू मावशी. खूप पॉवरफुल बोललात."

दोन महिन्यांनी पत्र आलं. मृत्यूचं कारण मातेचा निष्काळजीपणा, सबब पाळणाघराची गरज सिद्ध होत नाही. यापुढे अनुदान मातांच्या जागृती शिबिरांना. द्वारकाताईंनी ते हिराला वाचून दाखवलं.

"अवो ताई, चार वर्षांत एका लेकराला खरचटलं नाही हितं! त्ये नाही लिवलं?"

"त्याला रकाना नव्हता गं."

पाळणाघराला कुलूप लागलं. पहिल्या शिबिरात हिराला पुढच्या रांगेत बसवलं, उदाहरण म्हणून. मूल कसं सांभाळावं हे तिला एका बाईंनी तासभर चित्रं दाखवून समजावलं. वर टाळ्याही वाजवायला लावल्या. समाजसेवा अशी थाटात पार पडली आणि हिराचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला.

ती धावतपळत गाळ्यावर परतली. शेजारच्या हेमाने कांदे निवडायला बसताना आपलं तान्हं विश्वासाने मैत्रीच्या कडेवर दिलं होतं. मैत्री उभ्या टेम्पोच्या मागे, सावलीत, त्याला खेळवत होती.

"मैत्रे! हो बाजूला!" हिरा जीव तोडून ओरडली.

मैत्री हसली. "अगं आई, घाबरतेस काय? मी काय तुझ्यासारखी हाय का? मी नीट धरलंय बाळाला."