चालण्याजोगी चूक

गुफरानला नगरपंचायतीनं कंत्राटावर घेतलं, कारण कार्यालयात संगणक आला होता आणि तो कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं. गुफरान अंबाजोगाईला शिकून आलेला. त्याची आई मदिनाबी टेकडी मोहल्ल्यात राहायची. तिथल्या नळांना पाणी असं कधी नव्हतंच, म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी खालच्या हापशावरून घागरी वाहायची. नव्या नळयोजनेत टेकडीसाठी वेगळा पंप धरला होता. "अम्मी, यंदा तुझ्या घागरी माळ्यावर," असं गुफरान सांगून बसला होता.

पण अध्यक्ष गुंडप्पाशेठ यांना वेशीवर कारंजं हवं होतं. शेठचं कापडाचं दुकानही वेशीवरच, हा निव्वळ योगायोग! पंप काढून कारंजं घातलं तर गावाला पाणी पुरेल ना, एवढंच संगणकाला विचारायचं होतं. उत्तर काय यायला हवं, ते आधीच ठरलेलं होतं.

गावातल्या पाण्याचा हिशेब मोठा खोडसाळ. एका चौकात नळ सुटले की दुसऱ्या चौकातला दाब घसरतो, आणि तोही सरळ मापानं नाही. पाइपातून दुप्पट पाणी नेलं तर दाबाची घट चौपट होते. अशी एकमेकांत गुंतलेली समीकरणं हातानं सोडवणं अवघड. गुफराननं त्यासाठी गणिताची एक तयार लायब्ररी, म्हणजे समीकरणं सोडवणारा आयता प्रोग्राम, संगणकावर उतरवून घेतली होती. तुम्ही तिला सुरुवातीचा एक अंदाज द्यायचा. समीकरणांत किती चूक येते ते ती पाहते, अंदाज सरकवते, परत पाहते, आणि तुम्ही दिलेल्या मर्यादेत चूक आली की थांबते.

पंप वगळून गुफराननं ती चालवली. टेकडीचा दाब उणे आला.

"उणे म्हंजे?" पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर त्रिंबकसाहेब खुर्ची ओढून बसले.

"पाणी तिथवर चढतच न्हाई, साहेब. नळ सोडला तर उलटी हवा आत ओढंल."

"शेठला काय हवा दाखवू? सुरुवातीचा अंदाज कुणी दिलता?"

"मीच."

"तू कावून? गावाला अध्यक्ष हायेत की!"

शेठनी अंदाज दिला: सगळ्या मोहल्ल्यांना सारखा दाब, आपल्याकडं भेदभाव नाही. गुफराननं तो घातला. लायब्ररीला अध्यक्षपदाचं काही सोयरसुतक नव्हतं. ती सरकत सरकत पुन्हा त्याच उण्यावर येऊन थांबली.

"लई हट्टी हाय बे ही. थांबती कवा?"

"चूक कमी झाली की."

"किती कमी?"

"ते आपण ठरवायचं, साहेब."

"आपण?" साहेबांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "मग जरा मोठ्या मनानं ठरव की! आन तुझं कंत्राट मार्चात संपतंय, न्हाई का?"

टेकडी म्हणजे कुणाचे गुडघे, हे गुफरानला सांगायची गरज नव्हती. तरी त्यानं चालण्याजोग्या चुकीची मर्यादा सैल केली, इतकी सैल की तिच्यातून हत्ती जावा. लायब्ररीनं शेठचा अंदाज पाहिला, चूक मर्यादेत आहे म्हणाली आणि जागची हललीसुद्धा नाही. पडद्यावर आलं, उत्तर सापडलं.

सभेत शेठनी स्वतःचेच आकडे कागदावर पाहिले आणि ते गहिवरले. "बघा, आमचा अंदाज कंपुटरला बी पटला!" पंप रद्द झाला, कारंजं मंजूर झालं, गुफरानचं कंत्राट वाढलं.

उद्घाटनाला कारंजं शेठच्या दुकानाच्या पाटीपर्यंत उडालं. टाळ्यांच्या कडकडाटात गुफरानच्या खांद्यावर शाल पडली. ती तशीच घेऊन तो टेकडी चढला, तर अंगणात खोदकाम चाललेलं. मदिनाबीनं प्लंबर बोलावून नळ उखडायला लावला होता.

"मदिनाबी, कुणाच्याच नळाला पाणी न्हाई गं," शेजारची रुक्मिणीबाई सांगत होती. "आपल्याला फसवलंय."

"तुमचं मला म्हाईत न्हाई. आमचा हिशेब गुफराननं केलाय. माझं लेकरू खोटं लिवणार न्हाई. माझाच नळ बिघडला आसंल." तिनं लेकाला पाहिलं आणि तिला हुरूप आला. "बेटा, सांग की हिला!"

गुफरान खाली बसला. पाइपाच्या उघड्या तोंडावर त्यानं तळहात ठेवला. पाइपानं तो हळूच आत ओढला. लायब्ररीनं पहिल्यांदा दिलेलं उत्तर अगदी बरोबर होतं. त्याला मान वर करवेना.

"अम्मी," तो म्हणाला, "नळ चांगला हाय. नळाचा कायबी दोष न्हाई."

मदिनाबी रुक्मिणीबाईकडं न बघता प्लंबरला म्हणाली, "बसव बाबा, व्हता तसा." तिनं भिंतीशी पालथी घातलेली घागर उचलली. गुफराननं पुढं होऊन घागरीला हात लावला, पण तिनं ती सोडली नाही.

"ऱ्हाऊ दे, बेटा. तुझी शाल भिजंल."