छातीतली शिट्टी

बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून जावयाने दोन सारखे लॅपटॉप घेतले, एक मला, एक मुलीला.

"बाबा, यात एआय आहे," तो म्हणाला. "मागचा गोंगाट काढून टाकतो, चेहरा उजळ दाखवतो. तुम्ही इकडेतिकडे बघितलंत तरी समोरच्याला वाटतं, त्याच्याकडेच बघताय."

खरं सांगतो, मला तो लॅपटॉप आवडला होता. खाली रस्ता खोदत असले तरी मुलीला फक्त माझंच बोलणं ऐकू जायचं.

त्या संध्याकाळी ती स्क्रीनवर आली. "बाबा, आज दाढी तुम्ही केलीत की लॅपटॉपने?"

"तुझा चेहरा तरी खरा आहे का ते सांग आधी."

ती हसली. हसताना तिचे खांदे वर गेले, ते खाली आलेच नाहीत.

बायकोला दमा होता, तोच मुलीला आला. दम लागला की बायको अशीच खांदे चढवून बसायची आणि छातीतून शिट्टी वाजायची. स्वयंपाकघरातूनही मला ती कळायची. शेवटच्या दिवशीसुद्धा "काही नाही हो, जरा दम लागलाय," एवढंच म्हणाली होती.

मी कान दिला. शिट्टी नव्हती. आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ, ओठ गुलाबी.

"दम लागलाय का गं?"

"छे हो... काहीतरीच... तुमचं."

एवढंसं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या यंत्राच्या लेखी शिट्टी म्हणजेही गोंगाटच!

जुना फोन उचलून तिला लावला. कानाला लावताच ऐकू आली. तीच शिट्टी, हुबेहूब आईची.

"पंप कुठाय?"

"संपलाय... उद्या आणते."

मी फोन ठेवून जावयाला लावला. त्याचं ऑफिस त्यांच्या घराच्या मागच्याच गल्लीत.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे—"

"मीटिंग गेली खड्ड्यात! दुकानातून तिचा पंप घे आणि पळत घरी जा. डॉक्टरांनाही कळव."

परत तिला फोन केला. "बोलू नकोस. नुसता फोन चालू ठेव."

स्क्रीनवर ती शेजारचा खण चाचपत होती. मान तिकडे झुकलेली, पण डोळे माझ्यावरच रोखलेले, शांत. मला माझ्याच पोरीकडे बघवेना.

मग तिच्या मागे लॅपटॉपने धुरकट केलेल्या भिंतीतून कुणीतरी पुढे आलं. जावई होता. फोनमध्ये फुस्स आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

लॅपटॉपवर यातलं काहीच ऐकू आलं नाही. तिथे ती मघासारखीच टवटवीत दिसत होती. मी तो मिटला आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसलो. शिट्टी कमी झाली होती. अजून थांबली नव्हती.